जिवंत बापाचं मंगलाष्टक

आमच्या भागात लग्न लावायला आता भटजी, घोडा आणि मंगलाष्टकवाला असे तिघं लागतात, आणि तिघांत घोडाच काय तो वेळेवर येतो. भटजींचं मी समजू शकते. त्यांना एकाच मुहूर्तावर दोन-तीन मांडव सांभाळायचे असतात. मंगलाष्टकवाल्यांचं मात्र मला कधीच समजलं नाही. ज्या पोराला शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर मागच्या रांगेत उभं करायचे, तोच पुढे झब्बा शिवतो, मानेपर्यंत केस वाढवतो, एक कीबोर्डवाला सोबत घेतो आणि नावाआधी 'गानरत्न' लावतो. हे रत्न त्याला दिलं कुणी, ते कोणी विचारत नाही. दौंड-शिरूर भागात अशी रत्नं आता इतकी झालीत की दगड शोधावा लागतो.

हे मी जळफळाटानं बोलते असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मीही वीसेक वर्षं मंगलाष्टकं म्हटली, पण हौस म्हणून. माझं नाव सारिका. केडगाव स्टेशनाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माहेर इनामगावचं, घोडनदीच्या काठावरचं. तिथे नांगरताना हजारो वर्षांपूर्वीची खापरं वर येतात, आणि माणसांशी बोलायला बसलं की त्याहून जुनं काहीबाही वर येतं.

नात्यात, ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की लोक पत्रिका घेऊन माझ्या दुकानात यायचे. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कडवी जुळवायचे. मंगलाष्टकाची चाल ठरलेली असते, ओळ मापात बसवावी लागते, नाहीतर गळा भर मांडवात अडखळतो. त्यात नवरानवरीचं नाव, गाव, घरची एखादी गोष्ट घालायची. मी प्रत्येक मुलीला एकच विचारायचे, की सासरी जाताना इथलं काय न्यावंसं वाटतं. एकीनं सांगितलं, आमची गाय. मी गाय घातली. तिच्या सासरच्यांची तोंडं वाकडी झाली, पण ती पोरगी अंतरपाटामागे खुदकन हसली. मला तेवढं पुरे होतं.

बाकीच्यांना मात्र गाय नको असायची, आप्पा हवे असायचे. आमच्या आप्पांचं नाव घातलं नाही म्हणून अख्खी भावकी रुसून बसायची. हे आप्पा त्या पोरीच्या घरी कधी पाण्यालासुद्धा गेलेले नसायचे. पण मंगलाष्टकात नाव नाही म्हणून ते ताडकन उठून निघायचे आणि मागच्या दारानं येऊन पंगतीत बसायचे.

माझे यजमान सुदर्शन रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला होते. शिफ्ट सांभाळून ते मला मोटरसायकलवर लग्नाला न्यायचे. मांडवात गेलं की आधी सेटवाल्याला गाठायचे आणि माइकचा इको बंद करायला लावायचे. सेटवाले कुरकुरायचे. मग हे शांतपणे म्हणायचे, "बाईचा आवाज हाय. हिरीतनं येत न्हाई." परत येताना मागे न वळता सांगायचे की तिसऱ्या कडव्यातली दुसरी ओळ पोकळ होती. ती पोकळच असायची. इतकं खरं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि जो भेटला तो दोन वर्षांपूर्वी सेकंड शिफ्टला असताना छातीत कळ येऊन गेला. सोबतच्या लोकांनी धावाधाव केली, गाडी केली, पण वाटेतच सगळं संपलं.

त्यानंतर मी गायले नाही. याचा लोकांनी जो अर्थ लावला तो पुढे सांगते. खरा प्रकार अगदी साधा होता. मला शब्द बेचव लागायला लागले. गाताना त्यांची आठवण येईल म्हणून मी गात नाही, असं म्हणणारेही काही शहाणे होते. आठवणीला मी कशाला भिणार होते? ती येतच होती, भाजी चिरताना, झेरॉक्सला कागद लावताना, कुलूप घालताना. पण कुणाची पत्रिका हातात आली तरी मनात एक ओळ उठायची नाही. लग्नांना मी जायचे. रत्नं केकाटत असायची, कडवी मोडून पडत असायची, आणि मी शांतपणे जिलेबी खायचे. मला रागसुद्धा येत नव्हता. वाईट मंगलाष्टक ऐकून मला राग येत नाही म्हणजे मी खरोखर आजारी आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. जाऊबाईंनी योगासनांचा वर्ग सुचवला. त्या स्वतः त्या वर्गात शवासनापुरत्या जातात. शेजारणीनं माझ्या मोबाईलवर गाण्याचं ॲप घालून दिलं, त्यात वाट्टेल तसं ओरडलं तरी शाबासकी मिळते. मन रमव, मन रमव, असं सगळे सांगत होते, आणि सांगणाऱ्यांची मनं रात्रीच्या मालिकेपलीकडे कधी कुठे गेलेली नव्हती.

पहिल्या वर्षात तीन लग्नांना मी नाही म्हटलं. पुढे कोणी विचारेनासं झालं. उलट लोक आदरानं वागायला लागले. पूर्वी ज्या बायका मला माइकवाली म्हणून हिणवायच्या, त्या आता खुर्ची सरकवून द्यायला लागल्या. मला वाटलं, चला, माझ्या दुःखाची यांना कदर आहे. लोकांबद्दल चांगला विचार केला की मी हमखास फसते.

यंदा माझ्या भावाच्या, हौशीरामदादाच्या शीतलचं लग्न ठरलं. ती रांजणगावलाच एका कंपनीत क्वालिटीत आहे. मुलगा पृथ्वीराज, भीमेकाठचा, दौंड तालुक्यातला. शीतल सुट्टीच्या दिवशी स्कूटीवर पत्रिका घेऊन दुकानात आली. आत्या, तूच म्हणायचं, म्हणाली. मी नाही म्हटलं. मला आता जमत नाही, सांगितलं. ती रागावली नाही, स्टुलावर बसून राहिली. मी झेरॉक्स काढत राहिले.

"तू समद्या पोरींना इचारायचीस, काय न्यायचं म्हणून," ती म्हणाली. "मला इचारलंबी न्हाईस."

मी केवळ तिचं मन राखायला विचारलं, काय न्यायचंय.

"घोडनदी. पन ती काय नेता येत न्हाई." मग म्हणाली, "आन् पृथ्वीराज तसा चांगलाय. पन माझं अर्धं वाक्य झालं की ह्यो बोलाया लागतो. फोनवर तर मी निस्ती हं हं करते."

पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे पेन उचललं असतं. मी पत्रिका ड्रॉवरमध्ये ठेवली. जाताना ती म्हणाली, "तू न्हाई म्हणलीस तर कुनीबी म्हणंल. मला कुनीबी नको हुतं." ते मला लागलं, पण लागूनसुद्धा काही हललं नाही. दादानं मग दौंडहून एक रत्न ठरवलं. त्याचं नाव रुद्र, आणि बॅनरवर त्याचा फोटो नवऱ्यामुलाच्या फोटोएवढा.

लग्न न्हावऱ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं, गोरज मुहूर्तावर. मुहूर्त हा शब्द पत्रिकेवर छापण्यापुरता उरलाय. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार घेऊन उभी राहिली आणि भाषणं सुरू झाली. आधी आजी-माजी सरपंच, मग कारखान्याचे संचालक, मग एक माजी सभापती. प्रत्येकाला शाल, फेटा, नारळ. प्रत्येकाचं म्हणणं, की मी फार वेळ घेणार नाही. गाई केव्हाच गोठ्यात जाऊन रवंथ करत बसल्या असतील, माजी सभापती मात्र अजून रस्त्याच्या कामाचं सांगत होते. शीतल घामानं भिजली होती, तिच्या हातातला हार खाली लोंबत होता. लग्न तिचं आहे हे तिथल्या कोणाच्या गावीही नव्हतं.

मी बायकांच्या मागच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी पृथ्वीराजची आजी होती, धुरपदाबाई. पांढऱ्या कपाळाची, सडसडीत बाई. तिचा नवरा पोरंबाळं लहान असतानाच गेला होता, हे तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं.

मग रुद्रनं माइक घेतला. इको इतका की एक शब्द तीनदा ऐकू यायचा, आणि तो शब्द एकदासुद्धा ऐकण्याच्या लायकीचा नव्हता. पहिल्या कडव्यात त्यानं गणपती गायला, दुसऱ्यात माजी सभापती. तिसऱ्याला त्यानं डोळे मिटले, कीबोर्डवाल्याला खूण केली आणि गळा दाटून आणला. हे त्याचं गाजलेलं कडवं असावं. त्याचा अर्थ असा, की लेकीचं लग्न बघायला बाबा आज हयात नाहीत, पण ते ढगांतून वाकून बघतायत आणि वरून अक्षता टाकतायत.

शीतलचा बाप गुलाबी फेटा बांधून स्टेजच्या पायऱ्यांशी उभा होता.

मला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वहिनी हुंदका देऊन रडली, तिचा नवरा तिच्यापासून हाताच्या अंतरावर असताना. संचालकांनी चष्मा काढला. आणि आमचा हौशीरामदादा उपरण्यानं डोळे पुसत होता. स्वतःच्या मरणावर इतक्या मोकळेपणानं रडणारा माणूस मी पाहिला नव्हता. शुभमंगल सावधान झालं, आणि त्या जिवंत माणसाच्या फेट्यावर लोकांनी अक्षता टाकल्या.

माझ्या पोटातून काहीतरी उसळलं. आधी मला वाटलं उचकी आहे. ते हसू होतं. मी तोंडावर पदर दाबला, खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसताच मला असा सणसणीत राग आला, की दोन वर्षं कुठे गेला होता कोण जाणे. अरे गाढवा, निदान पत्रिका तरी वाचायचीस. तिथे लिहिलंय बापाचं नाव, आणि त्याच्यापुढे कै. नाही. ओळीसुद्धा किती भिकार. ढग काय, वाकणं काय. बापाला अक्षता टाकायला आभाळात पाठवायचं आणि चाल कुठल्या तरी सिनेमाच्या गाण्याची लावायची. मी मनातल्या मनात ती ओळ मोडली आणि सरळ केली. मग लक्षात आलं, की मी ओळ सरळ करतेय.

धुरपदाबाईंना वाटलं, मी रडतेय. त्या माझ्याकडे झुकल्या.

"रडू नगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही गायाला न्हाई म्हणलं, त्ये आमच्या कानावर आलं हुतं. लई बरं केलंत बगा. मालक गेल्यावर बाईनं मांडवात फुडं येऊ न्हाई. आजकाल कोन पाळतंय ह्ये? म्या पाळलं, आन् तुम्ही पाळताय. समदी नावाजत्यात तुमाला."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. म्हणजे खुर्च्या सरकवल्या जात होत्या त्या यासाठी. मला अन्न गोड लागत नव्हतं, शब्द गोड लागत नव्हते, मी माझ्या दुकानात दगडासारखी बसून होते, आणि ही मंडळी त्याला रीत म्हणत होती. माझ्या दुःखाला शिस्त समजून हे लोक मला तिचं बक्षीस देत होते. मी यांच्यासाठी गप्प बसलेय, असं यांना दोन वर्षं वाटत होतं. आयुष्यात मी यांच्यासाठी उठूनसुद्धा बसलेली नाही.

मी उठले. खुर्च्यांच्या मधून पुढे जाताना चपलेचा पाय कुणाच्या तरी साडीवर पडला असेल, मला माहीत नाही. मी ओळी जुळवत होते. घोड आणि भीमा या दोन नद्या आपोआप जागेवर येऊन बसल्या, जणू ड्रॉवरमधल्या पत्रिकेवर मी त्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. पायऱ्यांशी दादानं मला अडवलं.

"सारके, खाली बस. पावनी काय म्हंत्याल?"

"तू गप बस, दादा," मी म्हटलं. "तू मेलाईस. आत्ताच गायलं त्येनं."

दादा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. कडव्याचा अर्थ त्याला तेव्हा कुठे कळला असावा. मी स्टेजवर गेले आणि रुद्रकडे हात पुढे केला. मावशी, प्रोग्रॅम चालू आहे, अजून संचालक साहेबांचं कडवं व्हायचंय, असं तो म्हणाला. वहिनी खालून मान हलवून मला नको नको म्हणत होती. मुलाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. माइक मिळाला नसता तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. बहुतेक परत जाऊन बसले असते आणि पुन्हा कधी उठले नसते. ती हिंमत फार वेळ टिकणारी नव्हती.

तेवढ्यात अंतरपाटाच्या मागून शीतलचा आवाज आला. ओरडून नाही, दुकानात बोलली होती तसाच.

"आत्याला माइक द्या. न्हाईतर म्या हार घालायची न्हाई."

माइक आला. मी कीबोर्डवाल्याला बोटं उचलायला सांगितली आणि सेटवाल्याला इको काढायला. पहिलाच सूर फाटला. दोन वर्षांचा गंज होता, दुसरं काय होणार. पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मी घसा खाकरला आणि पुन्हा धरलं.

गेली शीतल घोड सोडुन, तिला भीमातिरी नांदु दे
पृथ्वीराज तिला जपो, मन खुले ठेवून ऐको तिचे

दुसऱ्या ओळीला पृथ्वीराजनं खाली मान घातली. तो लाजला होता. त्याच्या आईचं तोंड कडू झालं, तिला तिच्या मुलाच्या कानांबद्दल पहिल्यांदाच कोणी काही बोललं असावं. अंतरपाटामागून शीतल हसलेली मला ऐकू आली, आणि मग मला दुसरं काही ऐकू आलं नाही. मी आणखी दोन कडवी म्हटली. शेवटचं चांगलं नव्हतं, त्यातली तिसरी ओळ मी यमकासाठी ओढूनताणून आणली होती. पण हौशीराम आणि त्याची बायको त्यात जिवंत होती, दोघंही जमिनीवर उभी होती. संचालकांचं नाव मी कुठेच घातलं नाही. ते अजून वाट बघत असतील.

शुभमंगल सावधान म्हटलं, अंतरपाट निघाला, हार पडले. लोकांनी अक्षता टाकल्या आणि लगेच जेवणाकडे धावले, कारण लोकांना मंगलाष्टकाचं प्रेम तेवढंच असतं. रुद्र केबल गुंडाळत होता. मी त्याला म्हटलं, आवाज बरा आहे तुझा, आधी वाचायला शीक. तो हो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, मी त्याला वाचायला काही देणार आहे.

जेवायला बसले तेव्हा मला सपाटून भूक लागली होती. वाटाणा-फ्लॉवरची रस्सा भाजी होती, मीठ जास्त पडलं होतं, आणि ते मला कळलं. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बायका माझ्यापासून दोन जागा सोडून बसत होत्या. मग धुरपदाबाई ताट घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. भात कालवत राहिल्या.

"मालकांची लई आठवन झाली आसंल न्हाई, गाताना?" त्या हळूच म्हणाल्या. "ऱ्हावलं न्हाई, म्हनून उठलात. व्हतं तसं."

मला कळलं, त्या मला सोडवत होत्या. मी नुसती मान हलवायची होती. दुःखानं वेडी झाली, नवऱ्याच्या आठवणीनं उठली, असं त्या मग इतर बायकांना सांगणार होत्या, आणि उद्यापासून मला पुन्हा खुर्ची सरकवली जाणार होती. त्या मनानं वाईट नव्हत्या. त्यांना सोबत हवी होती.

मी मान हलवायला गेले आणि आठवून बघितलं. पहिला सूर फाटल्यापासून अक्षता पडेपर्यंत, आणि त्यानंतर ताट हातात घेईपर्यंत. मी नीट शोधलं.

"न्हाई झाली," मी म्हणाले. "एकदाबी न्हाई झाली."

दोन वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या मनातून इतका वेळ गेले होते, आणि मला त्या वेळात छान वाटलं होतं. मी घास खाली ठेवला आणि रडायला लागले, नाक वाहीपर्यंत, भर पंगतीत. धुरपदाबाईंनी समाधानानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोरच्या बायकांकडे बघून मान डोलावली. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, असं मी ठरवलं, आणि हात तसाच राहू दिला.